लेकी बोले सुने लागे

आमची आजी कोंबड्यांशी बोलू लागली की घरातली सगळी माणसे कान टवकारीत. ते बोलणे कोंबड्यांसाठी नाही, हे कोंबड्या सोडून सगळ्यांना ठाऊक होते. "खावा बायानो, खावा. तुमास्नी काय, दानं टाकनारं कुनीतरी हाय. पान्याच्या पाळीवरनं तुमचं पीक काय जळत न्हाई," असे ती अंगणाच्या मध्यावर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणे. मग मधल्या भिंतीपलीकडून तात्यांच्या खोकल्याचा आवाज येई. अलीकडे सोप्यात दाढी करीत बसलेल्या अण्णांचा हात थांबे. निरोप दोन्हीकडे पोचलेला असे. आजी सुपातले उरलेले दाणे झटकून आत निघून जाई.

अण्णा म्हणजे माझे वडील आणि तात्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. दोघांत अकरा वर्षे अबोला होता. कारण विहीर. विहीर एक, मोटर एक आणि हिस्से दोन. चार दिवस पाणी आमचे, चार दिवस त्यांचे. आमचा भाग माणदेशाच्या कडेचा. तिथे माणसाचे वय पावसाळ्यांपेक्षा उन्हाळ्यांनी मोजावे हे बरे. मी तिसरीत असताना एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी चार दिवसांचे साडेचार झाले. त्या रात्री बांधावर दोघांचे काय बोलणे झाले, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही. त्यानंतर बोलणे झाले नाही, एवढे मात्र मी स्वतः पाहिले.

पण बोलणे झाले नाही म्हणजे बोलणे थांबले असे नव्हे. एका विहिरीवर दोन घरे जगायची तर बोलल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आमच्या घरी दोघांचे बोलणे तिघांत चाले. आजी घरी नसली की तिसरी मी. अण्णा भिंतीजवळ उभे राहून मला सांगत, "तुझ्या चुलत्याला म्हनावं, स्टार्टर जळलाय. निम्मं पैसं द्या." भिंतीच्या पलीकडे चार हातांवर तात्या बैलाला पेंड घालीत उभे असत. त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेलेला असे. तरीही ते मान वर करीत नसत. मी रस्त्याने वळसा घालून त्यांच्या अंगणात जाई आणि म्हणे, "तात्या, स्टार्टर बिघडलाय. अण्णा विचारत्यात, निम्मं जमंल का?" मग तात्या जणू ही बातमी प्रथमच ऐकत आहेत अशा चेहऱ्याने म्हणत, "जमंल म्हनावं. शनवारच्या बाजारानंतर."

आता मागे वळून पाहताना या व्यवहारातली एक गंमत लक्षात येते. अण्णांनी 'द्या' म्हटले होते. मी 'जमेल का' म्हटले. मूळ वाक्य तात्यांनी ऐकलेले होते आणि मी बदललेले वाक्य अण्णा भिंतीआडून ऐकत होते. पण माझी चोरी कुणीच पकडली नाही. दोघांनीही माझेच वाक्य खरे धरले. त्या अकरा वर्षांत मी अशी कितीतरी वाक्ये घासूनपुसून इकडची तिकडे नेली. लहान पोरीच्या तोंडून निघालेला शब्द कुणाचाच नसतो, म्हणून तो दोघांनाही चालत असावा.

पुढे मी मराठी विषय घेऊन या महाविद्यालयात आले. नाटकाच्या तासाला सरांनी विचारले, "संवाद म्हणजे काय?" दोघांचे बोलणे, असे पुढच्या बाकावरून उत्तर आले आणि ते फळ्यावर गेलेही. माझ्या मनात आले, दोघेच असतील तर संवाद लिहायला लेखक कशाला हवा? रंगमंचावरची दोन पात्रे एकमेकांशी बोलतात आणि तोंड मात्र आपल्याकडे करतात. ती एकमेकांना जे सांगतात ते दोघांनाही आधीच ठाऊक असते. आपल्याला ठाऊक नसते. म्हणजे नायक बोले नायिकेशी आणि लागे ते तिसऱ्या रांगेतल्या माणसाला. आमच्या आजीने कधी नाट्यगृहाचे तोंड पाहिले नव्हते. पण कोंबड्यांना पुढे घालून दोन भिंतींना ऐकू जाईल असे बोलण्याची कला ही नाटककाराचीच कला आहे, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

तशी ही पद्धत आपल्याकडे फार जुनी. गीता श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितली हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ते बोलणे आपल्यापर्यंत येते ते संजयाच्या तोंडून, आणि संजय ते सांगतो आंधळ्या धृतराष्ट्राला. खरा श्रोता तो. पहिल्या श्लोकात एक प्रश्न विचारून जो गप्प बसतो तो अठरा अध्याय संपेपर्यंत तोंड उघडत नाही. आपल्या मुलांविरुद्ध लढायला उभ्या असलेल्या माणसाला धीर दिला जातो आहे, आणि बाप ते ऐकतो आहे! कृष्ण बोले अर्जुनाला, पण धृतराष्ट्राला काय लागले असेल, हा प्रश्न मला आमच्या भिंतीमुळे पडला, पुस्तकामुळे नव्हे.

आपले मराठी गद्य तर बोलण्यातूनच जन्मले. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचले ते चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून. कोण काय म्हणाले, स्वामी त्यावर काय म्हणाले, हे ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून त्यांनी लिहून ठेवले. त्यात महदाइसा आहे. ही बाई सारखे काही ना काही विचारीत असते. पंडितासारखे नाही, घरच्यासारखे. तिच्या प्रश्नांनी स्वामींना बोलते केले नसते तर त्या पोथीतली किती पाने कोरी राहिली असती कोण जाणे. पुढे जोतीराव फुल्यांना 1873 साली 'गुलामगिरी' लिहायची होती तेव्हा त्यांनीही व्याख्यान झोडले नाही. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशी मांडणी केली. ज्याला आजवर विचारण्याची मुभा नव्हती त्याच्याच तोंडी प्रश्न घातला, हे मला त्या पुस्तकातल्या उत्तरांइतकेच मोठे वाटते.

बोलण्याविषयी आपल्या भाषेचे मत मात्र फारसे चांगले दिसत नाही. 'बोलाचाली झाली' म्हणजे भांडण झाले. 'बोलणी खाल्ली' म्हणजे शिव्या खाल्ल्या. 'बोल लावला' म्हणजे दोष दिला. 'तोंड टाकले', 'तोंडाला लागला', 'शब्दाला शब्द वाढला', सगळी वाट बांधाकडेच जाणारी. चांगल्या अर्थाची 'बोलणी' होतात ती फक्त लग्नाची, आणि त्यांतही हुंड्याची गोष्ट निघाली की पुन्हा पहिल्या अर्थावर येतात. असो.

दुसऱ्या वर्षी आम्ही वर्गात तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचे वाचन केले. बेणारेबाईंचे काम माझ्याकडे होते. हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. त्याच्या जन्माची हकीगत सरांनी सांगितली. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली. त्यांना वाट दाखवता दाखवता त्यांचे आपापसातले बोलणे तेंडुलकरांच्या कानांवर पडले आणि त्यातून नाटकाचे बीज पडले. म्हणजे हेही भिंतीआडून ऐकलेलेच! मला एकदम तेंडुलकर आपल्या घरचे वाटू लागले.

वाचताना पहिल्या दिवशी मी भरभर पुढे जात होते. तेंडुलकरांच्या वाक्यांत टिंबे फार. वाक्य सुरू होते, अडते, तीन टिंबे येतात, आणि पात्र भलत्याच विषयाकडे वळते. मी टिंबांवरून उडी मारून पुढचा शब्द गाठीत होते. सरांनी थांबवले. म्हणाले, "टिंबेही वाचायची असतात." मला वाटले, सर थट्टा करीत आहेत. पण घरी गेल्यावर संध्याकाळी अण्णा सोप्यात बसले होते. पलीकडे तात्यांच्या हातून पाण्याची घागर निसटून पडल्याचा मोठा आवाज झाला. अण्णा अर्धे उठले. तोंडातून "अरं..." एवढे निघाले. आणि ते पुन्हा खाली बसले. तेव्हा टिंबे कशी वाचायची ते मला समजले.

त्या नाटकाच्या शेवटी बेणारेला आपली बाजू मांडायला दहा सेकंद मिळतात. ती जे बोलते ते पानेच्या पाने चालते, पण त्या वेळी बाकीची पात्रे बाहुल्यांसारखी थिजलेली असतात. त्यांच्यापुरते ती काही बोललेलीच नाही. सगळ्या नाटकात जे सर्वांत मोकळे बोलणे आहे ते रंगमंचावरच्या एकाही माणसाच्या कानावर जात नाही. ते म्हणताना दर वेळी माझा आवाज फुटे. वर्गातल्या मैत्रिणींना वाटे मी अभिनय करते आहे. मला मात्र समोर आजी दिसत असे, आणि तिच्या पायांशी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या.

सिनेमाची कथा थोडी उलटी. तो मुका जन्मला आणि मग बोलायला शिकला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, मूक. 1931 साली 'आलम आरा' बोलला आणि पुढच्याच वर्षी प्रभातने मराठीतला पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. तोही हरिश्चंद्रच. ज्याची सारी गोष्ट दिलेल्या शब्दापायी घडते, त्या राजाला पडद्यावर शब्द मिळायला एकोणीस वर्षे लागली! आमच्याकडे त्या मानाने अकरा म्हणजे काहीच नाही, असे मी एकदा आईला म्हटले तर तिने पोळपाटावरचे लाटणे उगारले.

आईचे आणि काकीचे बोलणे मात्र एक दिवसही बंद नव्हते, हे सांगायलाच हवे. दोघी जावा धुणे घेऊन एकाच वेळी विहिरीवर जात. विरजण भिंतीवरून इकडून तिकडे जाई. चुलतभावाला कांजिण्या आल्या तेव्हा रात्री आई मागच्या दाराने त्यांच्याकडे जाऊन बसली होती, आणि अण्णांनी "कुठं गेलीया?" असे विचारले नाही. अबोला हा आमच्याकडे पुरुषांचा कुळधर्म होता. बायकांना तो परवडणारा नव्हता. नाटक-कादंबऱ्यांत जावांची भांडणे फार रंगवतात. लिहिणारे कोणत्या अंगणात उभे होते कोण जाणे.

'सामना' हा जब्बार पटेलांचा चित्रपट मी फार उशिरा पाहिला. तो 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. पटकथा-संवाद तेंडुलकरांचेच. एका बाजूला निळू फुल्यांचे हिंदुराव धोंडे-पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. दुसऱ्या बाजूला डॉ. लागूंचा फाटका, दारूडा मास्तर. मास्तरच्या हातात काही नाही. एका नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, एवढा एक प्रश्न आहे. तो तोच तोच विचारीत राहतो. हिंदुराव हसतात, पाहुणचार करतात, विषय बदलतात, रागावतात. सगळी सत्ता एका प्रश्नापुढे बोलून बोलून दमते. मला तो पाहताना भीती वाटली ती वेगळीच. आपल्या घरात असा प्रश्न कुणी विचारला का? त्या रात्री बांधावर काय झाले, हे मी का विचारले नाही? निरोप पोचवणारी होते, म्हणून प्रश्न विचारण्याचा अधिकार माझा नाही, असे मी मानून घेतले होते. निरोप्याची नोकरी सोयीची असते.

दुसरा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', 2014 चा. त्यात न्यायाधीश समोरच्याचे म्हणणे ऐकतात आणि आपल्या भाषेत टंकलेखकाला सांगतात. माणूस बोलतो एक. कागदावर उतरते त्याचे इस्त्री केलेले रूप. आमच्या बाबतीतही असे झाले होते. विहिरीचा तंटा एकदा गावच्या समितीपुढे गेला. दोघांचे जबाब झाले. पुढे तो कागद माझ्या पाहण्यात आला. त्यात अण्णांनी तात्यांना 'सदर इसम' म्हटले होते. अण्णांनी नक्कीच तसे म्हटले नसणार. त्यांच्या तोंडात 'इसम' हा शब्दच नाही. ते "ह्यो" म्हणाले असतील, रागाने. पण 'ह्यो' मध्ये राग असला तरी नाते असते. 'सदर इसम' झाल्यावर तात्या आमचे कुणीच राहिले नव्हते. खाली दोघांच्या सह्या होत्या. लहानपणी एकाच पाटीवर गिरवल्यामुळे असेल, दोघांचा 'प' सारखाच निघतो.

लहानपणीचे आजी पुष्कळ सांगे. 'शोले' 1975 चा. त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या, आणि पुढे कॅसेटी. गावात कुणाचे लग्न निघाले की कर्ण्यावर आधी सनई, मग 'शोले'. हे दोघे ते ऐकून ऐकून तोंडपाठ म्हणत. अण्णा अंगणात कमरेला पट्टा गुंडाळून गब्बर, आणि तात्या गोठ्याच्या पत्र्यावर चढून सांभा. सांभाला त्या सिनेमात बोलणे जवळजवळ नाहीच. वरून विचारल्याचे उत्तर द्यायचे, बस्स. म्हणून तो धाकट्याच्या वाट्याला. "पत्रा वाकवला मेल्यांनी," असे आजी म्हणे. तो वाकलेला पत्रा वाटणीत तात्यांकडे गेला आणि अजून तसाच आहे.

गेल्या मार्गशीर्षात आजी गेली. दहाव्याला सगळी भावकी ओढ्याकाठी जमली. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. अशा वेळी गेलेल्या माणसाला मोठ्याने शब्द द्यायचा असतो. त्याची इच्छा कशात अडकली असेल ते ओळखून. अण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "आई, कोंबड्यांची काळजी करू नगं. पोरगी बघंल." कावळा आला नाही. आत्या म्हणाली, "तुझं डोरलं मोडनार न्हाई कुनी." नाही आला. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "हिरीचं बोला की."

कुणीच बोलले नाही. ओढ्यात पाणी नव्हते, त्यामुळे तोही आवाज नव्हता. मग तात्या पुढे झाले. अण्णांकडे न पाहता, पिंडाकडे पाहत ते म्हणाले, "म्हातारे, आमी बघतो आमचं आमी."

मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन शब्द निराळे आहेत, हे व्याकरणात मी शिकले होते. 'आम्ही' म्हणताना ज्याच्याशी बोलतो त्याला बाहेर ठेवावे लागते. तात्या बोलत होते आजीशी; म्हणून आजी बाहेर राहिली. अकरा वर्षे 'आमचं' म्हणजे तात्यांचे आणि 'त्यांचं' म्हणजे आमचे असे होते. त्या वाक्यात अण्णा आत आले. अण्णांनी वर पाहिले की नाही ते मला दिसले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होते. कावळा मात्र आलाच नाही. ऊन चढले, तेव्हा गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी उठली.

त्या रात्री मी कोंबड्या डालीत होते. अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. भिंतीपलीकडे तात्या बॅटरीचा उजेड पाडून पत्र्याखाली काहीतरी शोधत होते. अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लाइट कवा हाय?"

सवयीने मी डालगे ठेवून उठले. रस्त्याने वळसा घालून विचारायला निघणार, तोच पलीकडून आवाज आला.

"धाला."

"आन् पाळी?"

"तुमची हाय. पर डाळिंबाला पानी लागलंय माझ्या. उद्या दिवसभर मला द्या."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मी टिंबे मोजीत उभी होते.

"घे," ते म्हणाले. "स्टार्टर दोनदा दाबाय लागतोय. पयल्यांदा धरत न्हाई."

"ठाव हाय," तात्या म्हणाले आणि बॅटरी घेऊन विहिरीकडे गेले.